घराची भुई : जुन्या वाड्यांस नवी जमीन निवडण्याविषयीं कांहीं विचार

जुन्या वाड्याची दुरुस्ती काढली म्हणजे धन्यापुढें पहिला प्रश्न छपराचा येतो व दुसरा भुईचा. छपराच्या बाबतींत फारसा विकल्प नसतो. गळतें तें पाऊस स्वतःच दाखवितो व त्याची व्यवस्था करावीच लागते. भुईची गोष्ट निराळी आहे. सारवलेली जमीन, चुन्याची जमीन, शहाबादी फरशी, सिमेंटच्या रंगीत लाद्या, मोझेक, संगमरवर, ग्रॅनाइट आणि हल्लींच्या आरशासारख्या गुळगुळीत व्हिट्रिफाइड लाद्या, इतके पर्याय आज उपलब्ध आहेत; आणि दुकानदाराच्या सांगण्यापलीकडे त्यांतून निवड करण्याचें साधन सामान्य गृहस्थाजवळ नसतें. ज्यांच्या घरीं जुनीं कागदपत्रें आहेत अशा गृहस्थांशीं दप्तरांच्या निमित्तानें आमचा संबंध येतो, व कागदांची चौकशी संपली म्हणजे पुष्कळदां हाच प्रश्न ते आम्हांस विचारतात. इतिहाससंशोधनाच्या त्रैमासिकांत फरशीची चर्चा कशास, अशी शंका कोणी घेईल. तिचें उत्तर असें कीं, भुई बदलल्यानंतर घराची भिंत ओलावते आणि भिंतींतील फडताळांत पिढ्यान् पिढ्या सुखरूप राहिलेलें दप्तर थोड्याच पावसाळ्यांत चिकटून त्याची वीट होते, हा प्रकार आम्हीं एकाहून अधिक घरीं स्वतः पाहिला आहे. कसर व वाळवी यांच्याविरुद्ध सावध राहणारे लोकही या तिसऱ्या शत्रूविषयीं निष्काळजी असतात. कारण तो नव्या, स्वच्छ, चकचकीत फरशीच्या रूपानें घरांत शिरतो. म्हणून भुईच्या प्रत्येक प्रकाराचा इतिहास, गुण आणि दोष येथें संक्षेपानें सांगण्याचें योजिलें आहे.

(१) शब्दविचार

अमरकोशांत कुट्टिम या शब्दाचा अर्थ बांधून काढलेली भूमि असा दिला आहे. हा शब्द कुट्ट् म्हणजे कुटणें या धातूपासून झालेला असून मराठींतील कुटणें हें क्रियापद त्याच कुळांतील आहे. म्हणजे चांगली भुई ती, जी चांगली कुटली आहे, असा भाव या शब्दाच्या पोटांत आहे. ती कशाची केली, हा विचार नंतरचा. आणि जेथें तो सांगावयाचा असतो तेथें मणिकुट्टिम यासारखा समास करावा लागतो. भुई हा आपला घरगुती शब्द भूमि याचा तद्भव होय. जमीन हा फारसी आहे.

फरशी हा शब्द मूळ अरबी फर्श यावरून फारसीच्या द्वारें आपल्याकडे आला. त्याचा मूळ अर्थ पसरणें अथवा पसरलेली वस्तु असा आहे. गालिचे व बिछायत पसरणारा तो फरास, आणि तंबू, कनाती, बिछायत ज्या खात्याकडे असत तो फरासखाना. पुण्यांत हें नांव अद्याप चालू आहे. गच्ची या शब्दाच्या मुळाशीं चुन्याचा गिलावा या अर्थाचा फारसी गच हा शब्द आहे, आणि चुनेगच्ची काम असा प्रयोग आपण करतोंच.

या व्युत्पत्तींवरून केवळ शब्दांचें कुल कळतें असें नाहीं; भुईकडे पाहण्याच्या दोन दृष्टि कळतात. कुट्टिम म्हणजे खालच्या जमिनीलाच संस्कार करून केलेली भुई, आणि फर्श म्हणजे जमिनीवर निराळी वस्तु पसरून केलेली भुई. पहिलींत वरचा थर व खालची माती यांचा संबंध तुटत नाहीं. दुसरींत तो कमीअधिक तुटतो. पुढील सर्व विवेचनांत हा भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा, कारण निवडीचें मर्म त्यांतच आहे.

(२) मातीची भुई

महाराष्ट्रांतील सर्वांत जुन्या ज्ञात घरांची भुई मातीची आहे. पुणें जिल्ह्यांत शिरूर तालुक्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें डेक्कन कॉलेजनें इ. स. १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केलें. तेथील ताम्रपाषाणयुगीन वसाहत सुमारें इ. स. पूर्वीं १६०० ते ७०० या काळांतील ठरली आहे. तेथील घरांच्या भुया कुटून घट्ट केलेल्या मातीच्या होत्या. आणि त्याच भुईखालीं, दोन मडक्यांचीं तोंडें एकमेकांस भिडवून, लहान मुलांचीं दफनें केलेलीं आढळलीं. ज्या जमिनीवर संसार चालला तिच्याच पोटांत मृत अपत्य ठेवण्याची ही रीति पाहिली म्हणजे भुई ही नुसती पाय ठेवण्याची जागा नव्हती, हें निराळें सांगावयास नको. भाजलेल्या लाद्यांचें ज्ञान भारतांत त्याहूनही जुनें आहे. राजस्थानांतील कालीबंगा येथें सिंधुसंस्कृतीच्या काळच्या एका घरांत, एकमेकांस छेदणाऱ्या वर्तुळांची नक्षी असलेल्या भाजलेल्या मातीच्या लाद्यांची भुई सांपडली आहे. तथापि अशी भुई अपवादरूप होती. सामान्य जनांची भुई मातीचीच राहिली, व आपल्या खेड्यांत ती आजही पाहावयास मिळते.

मातीची भुई करणें सोपें आहे असें मानणें ही चूक होय. आपल्याकडे गांवचे दोन भाग सांगतात, पांढरी आणि काळी. वस्तीची ती पांढरी व शेताची ती काळी. काळी माती पाणी प्याली म्हणजे फुगते आणि वाळली म्हणजे भेगाळते. म्हणून ती पिकास जितकी उत्तम तितकी भुईस निकृष्ट. जाणते लोक जोत्यांतील काळी माती काढून तेथें मुरूम भरतात, प्रत्येक थरावर पाणी शिंपडून धुमसानें ठोकतात, वर चाळलेल्या पांढऱ्या मातीचा थर देऊन तो चोपण्यानें चोपतात, आणि शेवटीं शेणानें सारवतात. शेणांतील तंतूंमुळें वरचा पापुद्रा धरून राहतो व धूळ उडत नाहीं. हा पापुद्रा झिजणारा असल्यामुळें सारवण वारंवार करावें लागतें. तें काम घरांतील स्त्रियांच्या वांट्यास येई, व ओणव्यानें सगळें घर सारवण्याचे कष्ट ज्यांनीं कधीं केले नाहींत त्यांनींच त्या भुईचे गोडवे अधिक गाइले आहेत, हेंही प्रामाणिकपणें नमूद केलें पाहिजे. सारवणाचा त्रास वांचला म्हणून पहिल्या फरशीचें स्वागत झालें, आणि तें योग्यच होतें.

मातीच्या भुईचे गुण दोन. ती पायांस बोचक गार लागत नाहीं, आणि ती सच्छिद्र असल्यामुळें जमिनींतील ओल तिच्यांतून हळूहळू हवेंत निघून जाते. दोष असे कीं, ती धुतां येत नाहीं, वाळवीस अटकाव करीत नाहीं, आणि न्हाणीघर, मोरी किंवा पाणी सांडण्याची जागा येथें निरुपयोगी ठरते.

(३) चुना

मातीच्या वरची पायरी चुन्याच्या भुईची. चुनखडी भट्टींत भाजली म्हणजे तींतील वायु निघून जाऊन कळीचा चुना होतो. त्यावर पाणी घातलें म्हणजे तो उष्णता टाकून विरतो. आणि मग हवेंतील तोच वायु हळूहळू परत शोषून तो पुन्हां दगड बनतो. दगडापासून दगडापर्यंतचा हा प्रवास पुरा होण्यास बराच काळ लागतो, म्हणून चुन्याचें काम उतावळ्या माणसाचें नव्हे. वाळू आणि चुना घाणींत मळून घेत. चुन्याच्या अशा घाण्यांचे अवशेष आपल्या अनेक किल्ल्यांवर दिसतात. विटांची सुरखी मिसळली असतां चुना ओलसर जागींही धरतो. गूळ व हिरडा यांचें पाणी घालण्याची रीतिही प्रसिद्ध आहे. वनस्पतिज द्रव्यें उकळून लेप करण्याची कल्पना आपल्याकडे पुरातन असून वराहमिहिरानें बृहत्संहितेंत वज्रलेपाचें स्वतंत्र प्रकरणच दिलें आहे.

चुन्याच्या भुईचें सामर्थ्य मिश्रणांत जितकें, तितकेंच तें कुटण्यांत असतें. थर ओला असतांना लहान लाकडी थापट्यांनीं दिवसच्या दिवस ठोकून त्यांतील पोकळी काढावी लागते, व शेवटीं तो घोटून गुळगुळीत करावा लागतो. येथें कुट्टिम हा शब्द अक्षरशः सार्थ होतो. अशी भुई धुतां येते, टणक असते आणि तरीही ओल कोंडून धरीत नाहीं. तिचा दोष एकच, कीं ती जाणणारे गवंडी विरळ झाले असून त्यांस लागणारा वेळ देण्यास धनी तयार नसतो.

(४) दगड

महाराष्ट्र हा दगडांचा देश, मग आपल्या वाड्यांत सर्वत्र दगडी फरशी कां नाहीं, असा प्रश्न विद्यार्थी विचारीत असत. याचें उत्तर दगडाच्या जातींत आहे. सह्याद्रीचा काळा पाषाण हा सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वींच्या लाव्ह्यांचा थिजलेला रस होय. तो पातळ पापुद्र्यांनीं सुटत नाहीं. त्याची प्रत्येक बाजू टांकीनें घडवावी लागते. म्हणून जोतें, पायऱ्या, चौक, हौद, न्हाणी अशा पाण्यापावसाच्या व रहदारीच्या जागींच तो वापरीत, आणि आंतील खोल्यांस माती किंवा चुना पुरे मानीत. त्याच्या टिकाऊपणाविषयीं मात्र वाद नाहीं. रायगडावर जगदीश्वराच्या देवालयाच्या पायरीवर हिरोजी या बांधकाम करणाऱ्या सेवकाच्या नांवाचीं अक्षरें कोरलेलीं आहेत. शिवकालापासून यात्रेकरूंचे पाय तेथें पडत असूनही तीं आजही वाचतां येतात. शनिवारवाड्याचें उदाहरणही लक्षांत घेण्याजोगें आहे. इ. स. १७३२ मध्यें वास्तुशांत झालेला हा वाडा १८२८ च्या आगींत जळाला. लाकडी मजले गेले. जोतीं, फरसबंदी व कारंजीं राहिलीं, आणि त्यांवरूनच आज आपण तेथील दालनें व चौक ओळखतों.

कोंकणांतील जांभा दगड याच्या उलट आहे. तो खाणींत मऊ असतो, हवेनें टणक होतो. परंतु त्याच्या अंगीं असंख्य छिद्रें असल्यामुळें भिंतीस तो जितका सोयीचा तितका उघड्या भुईस नाहीं. म्हणून जांभ्याच्या जोत्यावरही कोंकणी माणूस मातीच सारवीत आला.

शहाबादी फरशीनें ही स्थिति पालटली. हा भीमेच्या खोऱ्यांतील चुनखडीचा दगड. अतिप्राचीन समुद्राच्या तळाशीं थरावर थर बसून झालेला, म्हणून तो सहज पातळ तक्त्यांनीं सुटतो. शहाबाद हें आज कर्नाटकांतील कलबुर्गी जिल्ह्यांत असून पूर्वीं निजामाच्या राज्यांत होतें. दगड तेथें अनादि कालापासून होता. परंतु बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ दूरदेशीं नेणें परवडे, फरशी नेणें परवडत नसे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा फांटा सोलापुराहून पुढें जाऊन इ. स. १८७१ मध्यें रायचूर येथें मद्रासकडील रेल्वेस मिळाला, आणि शहाबाद त्याच मार्गावर आहे. तेव्हांपासून ही फरशी घांटमाथ्यावर आणि मुंबईकडे जाऊं लागली. सारवण सोडून फरशी बसविणें म्हणजे अनेक कुटुंबांच्या दृष्टीनें शहाबादीच होय. तांदूरची पिवळसर अथवा निळसर फरशी, कडप्प्याचा काळा दगड आणि राजस्थानांतील कोट्याचा हिरवट दगड हे सर्व शहाबादीचेच भाऊबंद, म्हणजे चुनखडीचे दगड होत. संगमरवर हाही चुनखडीचाच, भूगर्भांतील उष्णता व दाब यांनीं पालटलेला प्रकार आहे. म्हणून लिंबू, चिंच, व्हिनेगर किंवा संडास धुण्याचें ॲसिड यांनीं या सर्वांवर डाग पडतो व झिलई जाते. ग्रॅनाइटची जात निराळी. घरगुती आंबट पदार्थांस तो दाद देत नाहीं. विकत घेतांना शंका आली तर लिंबाच्या रसाचे चार थेंब दगडाच्या कोपऱ्यावर टाकून थोड्या वेळानें पुसावे. जागा निस्तेज झाली तर तो चुनखडीचा समजावा.

(५) कारखान्यांतील लाद्या

इंग्रजी अमलांत श्रीमंतांच्या घरीं व सार्वजनिक इमारतींत विलायती लाद्या आल्या. भायखळ्याचें वस्तुसंग्रहालय इ. स. १८७२ मध्यें खुलें झालें. हल्लीं तें डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नांवानें ओळखलें जातें. तेथें इंग्लंडांतील मिंटनच्या लाद्यांची भुई आहे. मंगळूर येथें बासेल मिशननें १८६५ मध्यें कौलांचा कारखाना काढला व पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक कौलांचा प्रसार झाला. पुढें सिमेंट आलें. १८२४ मध्यें इंग्लंडांत पोर्टलंड सिमेंटचें पेटंट घेतलें गेलें. पोरबंदर येथें १९१४ मध्यें भारतीय सिमेंटचें उत्पादन सुरू झालें. आणि १९२२ मध्यें मुंबईंत फेरोजशा सिधवा यांनीं स्वदेशीच्या भावनेनें भारत फ्लोअरिंग ही कंपनी स्थापन करून विलायती लाद्यांशीं स्पर्धा आरंभिली. सांच्यांत निरनिराळ्या रंगांचें सिमेंट ओतून, दाबयंत्राखालीं दाबून व पाण्यांत मुरवून केलेल्या त्या नक्षीदार लाद्या मुंबई, पुणें, गोवा व इतरत्र जुन्या घरांत अद्याप दिसतात. मोझेक हा त्यांचाच पुढील अवतार. त्यांत सिमेंटमध्यें संगमरवराचे कपचे घालून बसविल्यावर यंत्रानें घांसतात. या दोहोंचा मोठा गुण असा कीं, झिजल्या असतां त्या पुन्हां घांसून नव्या करतां येतात. ज्यांच्या घरीं अशा लाद्या आहेत त्यांनीं त्या उखडून टाकण्यापूर्वीं एका खोलींत घांसून पाहाव्या, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.

व्हिट्रिफाइड लादी ही अतिशय तीव्र उष्णतेनें भाजलेली, अंगांत कांच उतरलेली लादी होय. तिच्या वजनाच्या शंभर भागांस साधारणतः अर्ध्या भागाहूनही कमी पाणी ती शोषते. भिंतीच्या साध्या लाद्या दहा भागांहून अधिक शोषतात. म्हणून तिच्यावर डाग राहत नाहीं, आंबट पदार्थ तिला बाधत नाहींत, आणि झाडण्यापुसण्यास ती सर्वांत सोपी. नव्या पद्धतीनें, खालून ओल येऊं नये अशी तजवीज करून बांधलेल्या इमारतींत तिच्याविरुद्ध आमचें कांहीं म्हणणें नाहीं. जुन्या वाड्यांत मात्र तिचा हाच गुण दोष होऊन बसतो.

(६) ओलीचा विचार

जुन्या वाड्याचा पाया दगडाचा, व भिंती माती अथवा चुन्यांत बांधलेल्या असतात. पाया व भिंत यांच्यामध्यें ओल अडविणारा थर घालण्याची हल्लींची रीति त्या काळीं नव्हती. दिव्याच्या वातींतून तेल जसें वर चढतें तशी जमिनींतील ओल माती व चुना यांच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढते. भुई माती-चुन्याची असेल तर ती ओल सगळ्या खोलीभर पसरून हवेंत निघून जाते. भिंतीवर तिचा भार थोडाच पडतो. आतां त्याच खोलींत सिमेंटचा थर देऊन वर व्हिट्रिफाइड लाद्या बसविल्या असें समजा. भुईची वाट बंद झाली. ओलीस उरली ती भिंत. ती भिंतींतून पूर्वींपेक्षां उंच चढते, आपल्याबरोबर क्षार आणते, गिलावा फुगून पापुद्रे सुटतात. तें झांकण्यासाठीं घरधनी खालचा तीन फुटांचा पट्टा सिमेंटनें लिंपतो, म्हणजे ओल त्या पट्ट्याच्याही वर जाते. फडताळें व कोनाडे बहुधा नेमके त्याच उंचीवर असतात, आणि दप्तरें तेथें असतात. कागद ओलीनें प्रथम वांकतो, मग बुरसतो, आणि शेवटीं त्याच्या थप्प्या चिकटून जातात. एकदां चिकटलेलें दप्तर सोडविण्यास तज्ज्ञांचे हात लागतात, व सगळीं अक्षरें परत मिळतीलच असें नाहीं.

दुसरा धोका खांबांचा. वाड्याचे लाकडी खांब दगडी तळखड्यांवर उभे असतात. खांबाचा पाय जमिनीस लागूं नये, हाच तळखड्याचा हेतु. जुन्या भुईवरच नवी फरशी चढविली म्हणजे भुई दोन-तीन इंच उंचावते, कित्येकदां तळखडा पुरला जातो, आणि सागाचा पाय सिमेंटच्या ओल्या मिठींत सांपडतो. मग तो आंतून कुजतो व वाळवीस आयतें द्वार मिळतें. म्हणून नवी भुई कोणतीही असो, जुनी पातळी सोडूं नये व तळखडा उघडा ठेवावा, हा नियम अनुल्लंघनीय समजावा.

आपल्या भुईंत ओल किती आहे हें पाहण्याची एक सोपी रीति आहे. दोन फूट चौरस प्लास्टिकचा कागद भुईवर अंथरून त्याच्या चारी कडा चिकटपट्टीनें बंद कराव्या व दुसऱ्या दिवशीं उचलून पाहावें. खालच्या अंगास पाण्याचे थेंब दिसले किंवा भुई काळवंडली तर ओल खालून येत आहे असें निश्चित समजावें. ही परीक्षा पावसाळ्यांत व उन्हाळ्यांत अशी दोनदां करावी.

(७) भार व घसरण

वरच्या मजल्याची भुई हा स्वतंत्र विषय आहे. तेथें तुळयांवर कडीपाट व त्यावर माती-चुन्याचा थर अशी रचना असते. बारा फूट लांब व दहा फूट रुंद अशा खोलींत एक इंच जाडीचा दगड दोन इंच मसाल्यावर बसविला तर सुमारें १८ क्विंटल भार वाढतो. म्हणजे तीस माणसें त्या खोलींत कायमची आणून बसविल्यासारखें होय. जुनी तुळई हा भार सोसेल किंवा नाहीं, हें जाणत्या अभियंत्यानें तपासल्यावांचून माडीवर फरशी चढवूं नये. तेथें जुना थर दुरुस्त करणें, अथवा लाकडी फळ्या घालणें, हेंच श्रेयस्कर.

गुळगुळीतपणाविषयीं महाभारताच्या सभापर्वांतील मयसभेची कथा सर्वांस ठाऊक आहे. स्फटिकाच्या भुईस दुर्योधन पाणी समजला आणि पाण्यास भुई समजून त्यांत पडला. त्याच्या अपमानाचे परिणाम कुरुकुलास भोगावे लागले. आपल्या घरीं परिणाम भोगतात ते वृद्ध. झिलईदार लादीवर सांडलेलें पाणी दिसत नाहीं, आणि म्हातारपणीं खुब्याचें हाड मोडलें म्हणजे पुष्कळांचें हिंडणेंफिरणें कायमचें थांबतें. ज्या घरांत साठीच्या पुढील माणसें आहेत तेथें न्हाणीघर, मोरी व पायऱ्या यांस झिलईचा दगड किंवा लादी मुळींच वापरूं नये; टांकी लावलेला खरखरीत दगड वापरावा. आम्ही स्वतः त्या वयाचे असल्यामुळें या कलमावर थोडा अधिक जोर देतों.

चौकाविषयीं एक गोष्ट. नाचतां येईना अंगण वांकडें असें आपण म्हणतों. पण चांगलें आंगण वांकडें असावेंच लागतें. पागोळ्यांचें पाणी भिंतीपासून दूर जाऊन गटारास मिळावें म्हणून त्यास उतार दिलेला असतो. सपाटीच्या हौसेनें तो उतार मोडला म्हणजे पाणी जोत्याशीं सांचतें आणि वर वर्णिलेल्या सर्व अनर्थांस तेथून आरंभ होतो.

(८) निष्कर्ष

वरील विवेचनावरून जुन्या वाड्यापुरता आमचा अभिप्राय असा. जेथें मूळची चुन्याची, दगडी, सिमेंट-नक्षीची अथवा मोझेकची भुई जागेवर आहे तेथें ती दुरुस्त करावी, बदलूं नये. मातीची भुई बदलावयाचीच असेल तर मुरूम ठोकून, चुन्याच्या मसाल्यावर शहाबादी किंवा कोटा फरशी बसवावी व सांधेही चुन्यानेंच भरावे, म्हणजे ओलीस सांध्यांतून निघण्यास वाट राहते. स्वयंपाकघरांत ओट्याजवळ आंबट पदार्थ सांडतात, तेथें तेवढ्या जागेपुरता ग्रॅनाइट चालेल. व्हिट्रिफाइड लादी हवीच असेल तर ती नव्यानें बांधलेल्या भागांत घालावी. आणि दप्तरें, भुई कोणतीही असो, भिंतीपासून हातभर दूर, जमिनीपासून वीतभर उंच अशा लाकडी घडवंचीवर ठेवावीं.

शेवटीं एक विनंति. भुई उकरण्यापूर्वीं तिचें मोजमाप घ्यावें, छायाचित्रें काढावीं, आणि कोठें कशाची भुई आहे याचा साधा नकाशा करावा. जमिनींत पुरलेलें उखळ, रांजण, पेवाचें तोंड, बुजलेली पायरी, जुन्या जोत्याची रेषा यांवरून वाड्यांत कोणती खोली कशासाठीं होती व वाडा कितीदां वाढला हें कळतें; आणि ही माहिती कोणत्याही दप्तरांत लिहिलेली नसते. मजुरांच्या एका दिवसाच्या कामांत ती कायमची नष्ट होते. खणतांना नाणीं किंवा दागिने सांपडले तर १८७८ च्या भूमिगत निधीविषयींच्या कायद्यानें दहा रुपयांहून अधिक मोलाच्या निधीची वर्दी जिल्ह्याच्या कलेक्टरास देणें आवश्यक ठरविलें आहे, हेंही विसरूं नये. ज्या सभासदांच्या घरीं या वर्षीं असें काम निघणार असेल त्यांनीं फरशी मागविण्यापूर्वीं नकाशाची एक प्रत मंडळाकडे पाठवावी. ती जपून ठेवली जाईल.